मुलांची पोटगी, दवाखान्याचा खर्च आणि आरोग्य विमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोटगीचा अर्ज केलेल्या, करू पाहणाऱ्या किंवा जाबदार (ज्याच्याविरुद्ध अर्ज झाला आहे तो) म्हणून नोटीस हाती पडलेल्या आईवडिलांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे महाराष्ट्रातील कौटुंबिक न्यायालये व न्यायदंडाधिकारी न्यायालये यांतील कार्यपद्धती धरून लिहिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एकाच मुद्द्याची पुनरुक्ती टाळण्यासाठी जेथे आवश्यक तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मुलाच्या पोटगीत औषधपाण्याचा खर्च धरलेलाच असतो, की तो वेगळा मागावा लागतो?

कायद्याने धरलेला असतो, आणि तरीही तो वेगळा मागावा. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या कलम ३ मध्ये ‘निर्वाह’ या शब्दाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवारा व शिक्षण यांच्या बरोबरीने वैद्यकीय देखभाल आणि उपचार यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या निकालात मुलांच्या खर्चाची जी मोजदाद सांगितली, तिच्यातही वैद्यकीय खर्च आहे. हे प्रकरण मुळात नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेले होते.

अडचण व्यवहारात येते. आदेशात ‘मुलासाठी दरमहा ८,००० रुपये’ एवढेच लिहिलेले असले, तर शस्त्रक्रियेचे बिल समोर आल्यावर वडील म्हणतात की ते त्या आठ हजारांतच आले, आणि आई म्हणते की आठ हजारांत शाळेची फी आणि दूध यांपलीकडे काही बसत नाही. दोघांचेही म्हणणे आदेशाच्या शब्दांशी विसंगत नसते, म्हणून भांडण मिटत नाही. या पानावरील निम्मे प्रश्न त्या एका न लिहिलेल्या वाक्यातून निघालेले आहेत.

२. वडिलांनी मुलाचा आरोग्य विमा काढलाच पाहिजे, असा आदेश न्यायालय देते का?

देऊ शकते; मात्र ‘पालकाने मुलाचा विमा काढावा’ असे शब्द आपल्याकडील पोटगीच्या कोणत्याही कलमात नाहीत. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २६ प्रमाणे अज्ञान मुलांचा ताबा, निर्वाह आणि शिक्षण यांबाबत न्यायालयाला न्याय्य व योग्य वाटतील त्या तरतुदी करता येतात. विम्याची मागणी या व्यापक अधिकारात बसते, परंतु ती अर्जाच्या विनंतीच्या परिच्छेदात लिहिलेली असली पाहिजे. न मागितलेली गोष्ट आपणहून मिळण्याची अपेक्षा ठेवू नये.

अमेरिकेत राहणारे नातेवाईक याबाबत वेगळी माहिती सांगतात आणि त्यामुळे गैरसमज होतो. तेथे मुलाच्या आरोग्य संरक्षणाचा आदेश थेट पालकाच्या मालकाकडे जातो आणि मालकाला, पात्रता असल्यास, त्या मुलाचे नाव विम्यात घालावे लागते. आपल्याकडे अशी यंत्रणा नाही. येथे आदेश वडिलांना बांधतो; त्यांच्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला किंवा विमा कंपनीला तो आपोआप बांधत नाही. म्हणूनच विमा काढल्याचा पुरावा कोणी, कोणाला, किती दिवसांत द्यायचा हे लिहून घेणे आवश्यक ठरते (प्रश्न ६ पाहा).

३. अर्ज नेमका कोणत्या कायद्याखाली करायचा? आम्ही हिंदू नाही. आमचे लग्नही झालेले नाही.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ सर्व धर्मीयांना लागू आहे. १ जुलै २०२४ पासून हे कलम जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ च्या जागी आले. वकिलांच्या तोंडी मात्र अजून ‘एकशे पंचवीस’च आहे. या कलमात औरस आणि अनौरस असा भेद नाही, त्यामुळे आईवडिलांचे लग्न झालेले नसले तरी मुलाचा हक्क शाबूत राहतो. मुस्लिम आईवडिलांच्या घटस्फोटानंतर घटस्फोटित मुस्लिम महिलांच्या हक्कांविषयीच्या १९८६ च्या कायद्यातील, मूल दोन वर्षांचे होईपर्यंतच निर्वाह देण्याची तरतूद मुलांच्या या स्वतंत्र हक्काला आड येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये स्पष्ट केले आहे.

हिंदू पालकांच्या बाबतीत याशिवाय १९५६ च्या अधिनियमाचे कलम २० आणि घटस्फोटाचा दावा चालू असेल तर विवाह अधिनियमाचे कलम २६ उपलब्ध आहे. घरात हिंसाचार झाला असेल तर कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम २० खाली हिंसाचारामुळे झालेला वैद्यकीय खर्च आणि मुलांचा निर्वाह हे दोन्ही एकाच अर्जात मागता येतात. झालेल्या दवाखान्याच्या खर्चाची भरपाई नावानिशी सांगणारे हे कलम आहे, आणि अर्जात त्याचा पुरता उपयोग क्वचितच केलेला दिसतो. दोन कायद्यांखाली दोन अर्ज करता येतात, परंतु पहिल्या अर्जात मिळालेली रक्कम दुसऱ्या न्यायालयाला सांगणे बंधनकारक आहे आणि तेवढी वजावट होऊ शकते.

महिला व मुले यांना उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो; त्यासाठी १५१०० हा मदत क्रमांक आहे.

४. आई चांगली कमावते. तरी सगळा दवाखाना वडिलांनीच करायचा का?

नाही. १९५६ च्या अधिनियमाचे कलम २० मुलाचा निर्वाह करण्याची जबाबदारी आई आणि वडील या दोघांवरही टाकते. सन २००० मधील एका निकालात, दोघेही कमावते असताना, सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या खर्चाचा भार वडील व आई यांच्यात २ : १ असा वाटला होता. हे प्रमाण सगळ्यांना लागू होणारे सूत्र नव्हे. ते त्या दोघांच्या उत्पन्नातून निघालेले होते. मूल वडिलांजवळ असेल तर कमावत्या आईकडून हिस्सा मागण्यासही याच कलमाचा आधार आहे.

येथे एक गोष्ट हिशेबात धरली जात नाही, ती म्हणजे रजा. रुग्णालयात मुलाशेजारी रात्रभर बसणारा पालक बहुधा एकच असतो, आणि त्याची बिनपगारी रजा कोणत्याही बिलावर छापलेली नसते. वाटणीचे प्रमाण ठरवताना हा मुद्दा मांडता येतो आणि तो अवश्य मांडावा.

५. शपथपत्रात मुलाच्या आरोग्याबद्दल काय काय लिहायचे?

२०२० च्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ निकालानंतर पोटगीच्या प्रकरणात दोन्ही पक्षांना मालमत्ता व दायित्वांचे शपथपत्र द्यावे लागते. त्यात उत्पन्न, खर्च, विमा पॉलिसी आणि आजारपण यांचे रकाने आहेत. ते ‘लागू नाही’ असे लिहून सोडून देणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

मागील बारा महिन्यांची बिले तारखेनुसार लावावीत आणि खर्चाचे तीन भाग करावेत. पहिला नियमित खर्च: बालरोगतज्ज्ञाची फी, दम्याचा पंप, चष्मा, लसी. दुसरा ठरलेला पण वर्षातून एकदोनदा येणारा खर्च: दातांची तार, डोळ्यांची तपासणी, विम्याचा हप्ता. तिसरा आकस्मिक खर्च, ज्याची रक्कम आज सांगता येत नाही. पहिल्या दोन भागांची मासिक सरासरी काढून ती रकमेत मागावी आणि तिसऱ्यासाठी हिस्सा मागावा. औषधाच्या दुकानातील थर्मल कागदाच्या पावत्या सहा महिन्यांत कोऱ्या होतात, म्हणून त्याच दिवशी त्यांचा फोटो काढून ठेवावा. न्यायालयात पांढऱ्या पट्ट्यांचा गठ्ठा घेऊन आलेले पालक नेहमी दिसतात.

जाबदाराने आपल्या शपथपत्रात नोकरीतील गट विम्याचा उल्लेख केला नसेल, तर वेतनचिठ्ठी आणि विमा ई-कार्ड हजर करण्याची मागणी अर्जाने करता येते.

६. परस्पर संमतीच्या घटस्फोटात तडजोडीच्या अटींमध्ये मुलाच्या वैद्यकीय खर्चाचे कलम कसे लिहावे?

बहुतेक तडजोडींत ‘मुलाचा वाजवी वैद्यकीय खर्च वडील करतील’ असे एकच वाक्य असते. वाजवी म्हणजे किती, बिल कोणी भरायचे, कोणाला कळवायचे, यांपैकी काहीच त्यात नसते. असे वाक्य वसुलीच्या वेळी दुबळे ठरते, कारण वसुली ठरलेल्या रकमेची सहज होते. ‘वाजवी’ या शब्दाची वसुली करण्यापूर्वी तो शब्द किती रुपयांचा हे आधी सिद्ध करावे लागते.

म्हणून कलमाचे दोन पाय असावेत: दरमहा ठरलेली रक्कम, आणि तिच्याबाहेरील मोठ्या खर्चात ठरलेला हिस्सा. नमुना असा देता येईल:

‘वडील मुलाच्या नियमित औषधोपचारासाठी पोटगीव्यतिरिक्त दरमहा २,००० रुपये आईच्या खात्यात जमा करतील. वडील मुलाचे नाव किमान ५ लाख रुपये संरक्षण असलेल्या आरोग्य विम्यात ते २३ वर्षांचे होईपर्यंत चालू ठेवतील आणि दरवर्षी नूतनीकरणानंतर १५ दिवसांत ई-कार्ड व पॉलिसीची प्रत आईला पाठवतील. रुग्णालयात दाखल होण्याचा, शस्त्रक्रियेचा किंवा दातांच्या उपचाराचा जो खर्च विम्यातून मिळणार नाही, त्याचा ६० टक्के हिस्सा वडील व ४० टक्के आई सोसतील. बिलाची प्रत ईमेलने मिळाल्यापासून १५ दिवसांत ही रक्कम दिली जाईल. तातडीचा प्रसंग वगळता २५,००० रुपयांवरील नियोजित उपचारापूर्वी दोघे एकमेकांना लेखी कळवतील. विमा कोणत्याही कारणाने बंद पडल्यास वडील ७ दिवसांत कळवतील व पर्यायी विमा मिळेपर्यंत, त्या विम्यातून मिळाली असती तेवढी रक्कम स्वतः देतील.’

आकडे आपापल्या परिस्थितीप्रमाणे बदलावेत; रचना सहसा बदलू नये. मासिक रकमेत दर दोन वर्षांनी ठरावीक वाढ लिहून घेतली तर पुन्हा न्यायालयात जाण्याचे टळते. समुपदेशकासमोर बसले असताना या कलमाला दहा मिनिटे जास्त लागतात, आणि त्याच वेळी दोन्ही वकिलांना दुसऱ्या दालनात पुकारा झालेला असतो. तरीही ती दहा मिनिटे मागून घ्यावीत.

७. विम्याचे कार्ड दिले आहे. मग पुन्हा बिलाचे पैसे का मागतात?

कारण विमा आणि उपचाराचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाह्यरुग्ण तपासणी, चष्मा, बहुतेक दंतोपचार आणि नेहमीच्या लसी साध्या पॉलिसीत नसतात. आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षा काळ असतो, म्हणजे तेवढ्या काळात त्या आजाराचा खर्च मिळत नाही. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार तो जास्तीत जास्त ३ वर्षे ठेवता येतो.

दाखल झाल्यावरही पूर्ण रक्कम मिळतेच असे नाही. एक उदाहरण घेऊ. विमा ३ लाखांचा असून खोलीभाड्याची मर्यादा त्याच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये आहे. डेंग्यूच्या हंगामात स्वस्त खोल्या भरलेल्या असल्याने मुलाला ६,००० रुपयांच्या खोलीत चार दिवस ठेवावे लागले. खोलीभाडे २४,००० रुपये, डॉक्टरांच्या भेटी व शुश्रूषा १६,००० रुपये, औषधे व रक्ततपासण्या १४,००० रुपये, हातमोजे वगैरे साहित्य २,००० रुपये; एकूण ५६,००० रुपये. खोली मर्यादेच्या दुप्पट असल्यामुळे खोलीभाडे तर निम्मे मिळतेच, परंतु प्रमाणशीर कपातीचे कलम असल्यास डॉक्टर व शुश्रूषेचा खर्चही निम्माच मिळतो. औषधे आणि तपासण्यांवर ही कपात होत नाही. हातमोजे बहुतेक वेळा मिळतच नाहीत. हाती आले १२,००० अधिक ८,००० अधिक १४,०००, म्हणजे ३४,००० रुपये. उरलेले २२,००० रुपये कोणी द्यायचे, एवढाच मग प्रश्न असतो, आणि ‘कार्ड दिले आहे’ हे त्याचे उत्तर नव्हे.

८. बिल मी भरले. विम्याचे पैसे मात्र त्यांच्या खात्यात जमा झाले. आता काय?

ही तक्रार फार येते. परताव्याचा दावा पॉलिसीधारकाच्या किंवा गट विम्यात कर्मचाऱ्याच्या नावाने होतो आणि रक्कम त्याच्याच बँक खात्यात जाते. बिल कोणी भरले याच्याशी विमा कंपनीला कर्तव्य नसते. प्रश्न ६ मधील नमुन्यात म्हणून आणखी एक ओळ घालावी: विम्याची रक्कम खात्यात आल्यापासून ७ दिवसांत ती ज्याने बिल भरले त्याला देण्यात येईल.

ओळ नसेल तर बिल, ते भरल्याचा बँकेचा पुरावा आणि दावा मंजुरीचे पत्र यांच्या प्रतींसह लेखी मागणी करावी आणि दाद न मिळाल्यास मूळ प्रकरणातच अर्ज करावा. मूळ कागद वडिलांच्या हाती देण्यापूर्वी डिस्चार्ज समरीपासून शेवटच्या पावतीपर्यंत सर्व पाने स्कॅन करून ठेवावीत. शक्य असेल तेव्हा कॅशलेसच घ्यावे. मात्र त्यासाठी रुग्णालयाच्या विमा कक्षात ई-कार्डासोबत मुलाचे आणि अनेकदा कर्मचाऱ्याचे ओळखपत्र मागतात. ती प्रत मध्यरात्री मागण्याची वेळ येऊ नये, म्हणून आधीच घेऊन ठेवलेली बरी.

९. घटस्फोटानंतर मुलाचे नाव वडिलांच्या कंपनीच्या विम्यात राहते का? नोकरी गेली तर?

घटस्फोटाने पत्नी ‘जोडीदार’ या व्याख्येतून बाहेर पडते. मूल अवलंबित अपत्य म्हणून राहू शकते, कारण आईवडिलांचे नाते संपले तरी बाप आणि मूल हे नाते संपत नाही. घोटाळा असा होतो की नूतनीकरणाच्या मुदतीत कर्मचारी पत्नीचे नाव काढताना मुलाचेही नाव अनवधानाने किंवा मुद्दाम काढतो, आणि ते आईला वर्षभराने, रुग्णालयाच्या काउंटरवर कळते. दरवर्षी ई-कार्डाची प्रत मागण्याचे कारण हेच.

नोकरी सुटली की गट विम्याचे संरक्षण सहसा त्या दिवशीच किंवा थोड्याच काळात थांबते. गट विम्यातील सदस्याला त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतराची मागणी करता येते आणि तोपर्यंत सोसलेल्या प्रतीक्षा काळाचा लाभ टिकवता येतो. पण ती मागणी संरक्षण संपण्यापूर्वी करावी लागते. मुलाला दमा, मधुमेह किंवा हृदयाचा जन्मजात दोष असेल तर केवळ गट विम्यावर विसंबू नये आणि मुलाच्या नावाची स्वतंत्र पॉलिसी लवकर सुरू करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य पॉलिसीच्या हप्त्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही, त्यामुळे हा पर्याय पूर्वीइतका जड राहिलेला नाही.

१०. मुलाचे नाव दोघांच्याही विम्यात आहे. दावा कोठे करायचा?

कोठेही, निवड पॉलिसीधारकाची. एका पॉलिसीत भागले नाही तर उरलेल्या रकमेसाठी दुसऱ्या कंपनीकडे, पहिलीचे मंजुरीपत्र आणि बिलांच्या साक्षांकित प्रती जोडून, दावा करता येतो. एकाच रुपयाची भरपाई दोनदा घेता येत नाही. प्रश्न ७ मधील उदाहरणात २२,००० रुपयांपैकी बरीचशी रक्कम आईच्या विम्यातून मिळू शकली असती.

११. आम्हा दोघांकडेही खासगी विमा नाही. मग आदेशात काय मागायचे?

वडिलांचे मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि त्यांच्या आस्थापनेला राज्य कामगार विमा लागू असेल, तर अवलंबित मुलांना त्या योजनेच्या दवाखान्यांत उपचार मिळतात. कुटुंबाच्या तपशिलात मुलाचे नाव व आधार नोंदवण्याचे काम मात्र वडिलांनाच करावे लागते. तेवढे करण्याचा निर्देश मागावा. त्याला पैसे लागत नाहीत, त्यामुळे विरोधही सहसा होत नाही.

दुसरा आधार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा. १ जुलै २०२४ पासून ती सर्व रंगांच्या रेशनकार्डधारकांना खुली असून, ठरावीक आजार व शस्त्रक्रियांसाठी कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार संलग्न रुग्णालयांत मिळतात. वेगळ्या राहणाऱ्या आईची गाडी येथे रेशनकार्डावर अडते. तिचे व मुलाचे नाव सासरच्या कार्डावर, कार्ड सासूच्या कपाटात, आणि नाव कमी केल्याचा दाखला मिळाल्याशिवाय नवे कार्ड होत नाही. म्हणून अंतरिम अर्जातच कार्डाची प्रत देण्याचा किंवा नाव कमी करण्यास संमती देण्याचा निर्देश मागावा. पोटगीच्या अर्जात रेशनकार्डाचा विषय क्षुल्लक वाटतो; मुलाची शस्त्रक्रिया ठरल्यावर तो तसा राहत नाही.

१२. आदेश झाला, पण पैसे देत नाहीत आणि विमाही काढत नाहीत. वसुली कशी होते?

ठरलेल्या रकमेसाठी कलम १४४ खाली वसुलीचा अर्ज करता येतो. दंडाधिकारी वॉरंट काढू शकतात आणि रक्कम न भरल्यास प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकतात. ही कैद म्हणजे पैसे फेडणे नव्हे. तुरुंगातून आल्यावरही थकबाकी देणे लागतेच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सांगितले आहे. रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ‘एकदम पुष्कळ साठले की जाऊ’ असे म्हणणाऱ्यांचे जुने महिने या मुदतीत बुडतात.

कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २० खाली न्यायालय जाबदाराच्या मालकाला त्याच्या पगारातून ठरावीक रक्कम थेट पीडित महिलेला देण्याचा निर्देश देऊ शकते. नोकरदार जाबदाराच्या बाबतीत यासारखा परिणामकारक मार्ग नाही. दिवाणी हुकूमनाम्याच्या दरखास्तीत (अंमलबजावणीच्या अर्जात), पोटगीसाठी असल्यास, पगाराचा केवळ एक तृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित असतो.

विमा काढण्याचा आदेश मोडला गेल्यास केवळ ‘विमा काढला नाही’ अशी तक्रार न करता, त्यामुळे आपल्याला किती रुपये भरावे लागले ते मांडावे.

१३. मुलाला भेटू देत नाहीत. मग मी विम्याचा हप्ता थांबवला तर चूक काय?

भेटीचा हक्क आणि मुलाचा निर्वाह एकमेकांची परतफेड नाहीत. भेट मिळत नसेल तर तिच्या अंमलबजावणीसाठी स्वतंत्र अर्ज करावा. त्याची दखल घेतली जाते. हप्ता थांबवल्याने नुकसान ज्याचे होते त्याने भेट अडवलेली नसते, आणि सवलतीच्या मुदतीनंतर पॉलिसी बंद पडली तर प्रतीक्षा काळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

१४. मला न विचारता महागड्या रुग्णालयात दाखल केले. तरी हिस्सा द्यावाच लागेल का?

तातडीचा प्रसंग असेल तर बहुधा द्यावा लागेल. फिट आलेल्या मुलाला घेऊन जवळचे रुग्णालय गाठणाऱ्या पालकाने आधी दरपत्रक पाहावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. नियोजित उपचाराचे तसे नाही: दातांची तार किंवा टॉन्सिलची शस्त्रक्रिया आठवडाभर थांबू शकते, आणि तेवढ्यात दुसऱ्या पालकाला कळवणे, शक्य तर विम्याच्या यादीतील रुग्णालय निवडणे, हे अपेक्षित आहे. कळवल्याचा पुरावा असावा. व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश चालतो, परंतु ‘पाहिले’ची खूण म्हणजे संमती नव्हे, म्हणून संदेशात रक्कम, तारीख व रुग्णालय स्पष्ट लिहावे.

१५. मूल अठरा वर्षांचे झाले की जबाबदारी संपते का?

मुलगा आणि मुलगी यांच्याबाबत उत्तर वेगळे आहे. कलम १४४ खालील हक्क सामान्यतः अठराव्या वर्षी थांबतो. शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे वा दुखापतीमुळे स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अपत्याला, विवाहित मुलगी वगळता, तो पुढेही चालू राहतो. हिंदू मुलीला, ती अविवाहित असून स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल तर, १९५६ च्या अधिनियमाच्या कलम २० खाली अठरानंतरही हक्क आहे. तो दंडाधिकाऱ्यांपुढे नव्हे, तर कौटुंबिक किंवा दिवाणी न्यायालयात मागावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले.

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातील मुलगा या दोन्हींच्या मधल्या फटीत सापडतो. बहुतेक विमा कंपन्या अवलंबित मुलाला २५ वर्षांपर्यंत संरक्षण देतात, पण कायद्याची सक्ती अठरालाच संपलेली असते. ही फट तडजोडीत वय लिहूनच बुजवता येते. प्रश्न ६ मधील नमुन्यात २३ वर्षे घातली आहेत ती त्यासाठी.

१६. मुलाला स्वमग्नता आहे. थेरपीचा खर्च दरमहा येतो आणि विमा कंपनी नाही म्हणते.

थेरपी हा अपवादात्मक खर्च नसून या मुलाचा रोजचा खर्च आहे, म्हणून तो मासिक रकमेत मागावा. मुलाचे गंभीर आजारपण किंवा अपंगत्व पोटगीची रक्कम ठरवताना विचारात घ्यावे, असे २०२० च्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ निकालातही सांगितले आहे. थेरपिस्टचे, दर आठवड्याची सत्रे व दर नमूद केलेले पत्र आणि अपंगत्व प्रमाणपत्र जोडावे.

विम्याच्या बाजूने, राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते आणि तिच्यात बाह्यरुग्ण उपचार व थेरपीचाही समावेश आहे. नोंदणी अल्प शुल्कात होते. ती कोणी करायची आणि नूतनीकरण कोणी सांभाळायचे हे आदेशात घालावे. मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा देण्याची सक्ती मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २१ ने केली आहे, त्यामुळे किशोरवयीन मुलाला नैराश्यासाठी दाखल करावे लागल्यास सरसकट नकार मान्य करू नये.

१७. घटस्फोटात एकरकमी रक्कम घेऊन ‘पुढे काही मागणार नाही’ असे लिहून दिले आहे. आता मुलाला मोठा आजार निघाला.

आईने स्वतःचा हक्क सोडला असेल. मुलाच्या निर्वाहाचा हक्क मुलाचा आहे आणि तो त्याच्या वतीने सोडून देता येत नाही, अशी न्यायालयांची भूमिका राहिली आहे. परिस्थितीत बदल झाल्यास रक्कम वाढवण्याची तरतूद १९५६ च्या अधिनियमाच्या कलम २५ मध्ये आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ मध्ये आहे. मुलासाठी आधी दिलेली रक्कम मात्र हिशेबात धरली जाईल, म्हणून तिचा विनियोग कसा झाला याची कागदपत्रे सादर करावीत.

१८. आईने दुसरे लग्न केले. आता सावत्र वडिलांनी खर्च करावा ना?

सावत्र वडिलांवर कायद्याने ही जबाबदारी येत नाही आणि जन्मदात्या वडिलांची संपत नाही. सावत्र वडिलांनी मुलाला आपल्या विम्यात घेतले तर चांगलेच; तेवढ्याने आदेश रद्द होत नाही. अपवाद दत्तकाचा. मुलाचे रीतसर दत्तकविधान झाले तर ते दत्तक कुटुंबाचे होते आणि जबाबदारी त्या कुटुंबाकडे जाते. शाळेच्या दाखल्यावर आडनाव बदलणे म्हणजे दत्तक नव्हे.

१९. वडील अमेरिकेत नोकरीला आहेत. मुलगी सांगलीत माझ्याजवळ आहे. त्यांच्या विम्यात नाव घालून उपयोग होईल का?

सहसा फारसा नाही. अमेरिकेतील बहुतेक नोकरीतील विमा तेथील रुग्णालयांच्या जाळ्यावर उभा असतो आणि सांगलीतील नियमित उपचारांना लागू पडत नाही. अशा वेळी येथील पॉलिसी मुलीच्या नावाने काढून तिचा हप्ता वडिलांवर ठेवावा. अर्ज आईला आपल्या राहत्या ठिकाणच्या न्यायालयात करता येतो. अंमलबजावणी कठीण असते, कारण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खालील परस्पर मान्यतेच्या (एकमेकांच्या न्यायालयांचे हुकूमनामे थेट अमलात आणणाऱ्या) देशांत अमेरिका नाही; भारतातील मालमत्ता, बँक खाती किंवा भाड्याचे उत्पन्न यांचा तपशील शपथपत्रात लवकर मागवून घेणे त्यासाठीच महत्त्वाचे.

२०. हप्ता मी भरतो, मूल आईकडे राहते. आयकरात सूट कोणाला?

हप्ता भरणाऱ्याला. जुन्या करप्रणालीत, मूल अवलंबित असेल आणि हप्ता रोखीने भरलेला नसेल तर, स्वतःसह २५,००० रुपयांच्या मर्यादेत वजावट मिळते. नव्या प्रणालीत ती नाही. वडिलांनी आईच्या खात्यात पैसे पाठवून आईने हप्ता भरला तर पावती तिच्या नावाची होते, एवढे आधी ठरवून घ्यावे.